कळमेश्वरच्या जुन्या वस्तीतील इमारतींची उंची : नगर परिषदेस खुले पत्र

प्रति,
सन्माननीय नगराध्यक्ष, सर्व नगरसेवक आणि मुख्याधिकारी,
कळमेश्वर-ब्राह्मणी नगर परिषद, कळमेश्वर, जिल्हा नागपूर

विषय : जुन्या गावठाणातील इमारतींच्या उंचीची मर्यादा आणि वारसा वास्तूंची यादी



नगररचनेच्या भाषेत ज्याला दाटवस्ती क्षेत्र म्हणतात आणि लोक ज्याला सरळ गावठाण म्हणतात, त्या जुन्या कळमेश्वरात इमारत किती उंच असावी हा प्रश्न परवानगीच्या पद्धतीमुळे एकेका भूखंडाच्या फायलीत अडकून पडतो. अर्जदाराची जागा किती, तिच्यावर किती बांधकाम बसते आणि शुल्क किती भरायचे, एवढे पाहिले की फाईल निकालात निघते. मात्र त्या इमारतीची सावली ज्या बोळावर पडणार, तिचा पाया ज्या सामायिक भिंतीला लागून खणला जाणार आणि तिच्या माथ्याआड देवळाचा जो कळस जाणार, त्यांच्यासाठी फायलीत रकानाच नसतो. हा रकाना नगर परिषदेने स्वतः निर्माण करावा, उंचीची मर्यादा भूखंडावरून न ठरवता रस्त्याच्या रुंदीवरून आणि वारशाच्या दर्शनरेषेवरून ठरवावी, आणि त्यापायी ज्या मालकाचे मजले कमी होतील त्याला छोट्या गावात खरोखर उपयोगी पडेल असा मोबदला द्यावा, एवढ्या मागणीसाठी हे पत्र आहे.

कळमेश्वरची आजची अवस्था या विचारासाठी अनुकूल आहे, कारण येथे अजून फारसे हातचे गेलेले नाही आणि जे जाऊ शकते ते मात्र वेगाने जाण्याची चिन्हे आहेत. २००१ च्या जनगणनेत सतरा हजारांच्या घरात लोकसंख्या असलेले हे गाव औद्योगिक वसाहतीमुळे वाढले. सावनेर-धापेवाडा-कळमेश्वर-गोंडखैरी या राष्ट्रीय महामार्गामुळे आणि नागपूर-इटारसी लोहमार्गामुळे ते नागपूरच्या अधिक जवळ आले. आणि २०१७ मध्ये नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाल्यावर कळमेश्वर तालुक्यातील गावेही महानगराच्या नियोजनात ओढली गेली. नागपूरच्या जागेचे भाव परवडत नाहीत म्हणून इकडे वळणारे कुटुंब आणि कारखान्याच्या पाळीसाठी खोली शोधणारा कामगार, दोघांनाही घर हवे आहे आणि ती गरज खरी आहे. दुसऱ्या बाजूला, जुन्या गॅझेटिअरांनी ज्याची नोंद घेतली तो मध्यवस्तीतील उंचवट्यावरचा किल्ला, ज्याचे नाते नागपूर वसवणाऱ्या गोंड राजा बख्त बुलंद शहाच्या काळाशी परंपरेने जोडले जाते, त्याच्या भोवतीची वस्ती, देवळे, जुने वाडे आणि बाजाराकडे जाणारे बोळ हेही याच गावाचे भांडवल आहे. घराची गरज भागवण्यासाठी गावाच्या कडेला जागा आहे. किल्ल्याभोवतीच्या वस्तीला मात्र दुसरी जागा नाही.

राज्याने डिसेंबर २०२० मध्ये एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू केली, तेव्हापासून मुंबईसारखी काही क्षेत्रे वगळता महापालिकांपासून नगर परिषदांपर्यंत सर्वत्र बांधकामाचे नियम एका पुस्तकात आले. पूर्वी गावोगावी वेगवेगळ्या नियमांमुळे होणारा गोंधळ त्यामुळे कमी झाला, हा लाभ मान्य केलाच पाहिजे. या नियमावलीचा कणा म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक, ज्याला बोलीत एफएसआय म्हणतात : भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट एकूण बांधकाम करता येईल, हे सांगणारा आकडा. मूळ निर्देशांकावर शुल्क भरून घेता येणारा जादा निर्देशांक चढतो, रस्ता रुंद असेल तर आणखी चढतो, आणि वाहनतळासाठी खालचा मजला मोकळा सोडला की तेवढी उंची वर सरकते. हा आकडा बांधकामाचे आकारमान सांगतो, आकार सांगत नाही. एकाच निर्देशांकात बसणारी दोन घरे, एक पसरट दुमजली आणि दुसरे अरुंद पाचमजली, नियमाच्या लेखी सारखीच ठरतात, जरी बोळातल्या माणसाच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचा फरक असला तरी. राज्यभर लागू असलेले पुस्तक कळमेश्वरच्या एका विशिष्ट बोळाची रुंदी जाणू शकत नाही. ती जाणणे हे स्थानिक नियोजन प्राधिकरणाचे, म्हणजे नगर परिषदेचे काम आहे.

उंची आणि मोकळी जागा यांचे नाते कसे ठरवावे याचा एक जुना आणि अजूनही उपयोगी दाखला महाराष्ट्रातच आहे. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि अंधाऱ्या, कोंदट चाळींत रोग का फोफावतो याचा विचार करताना त्या संस्थेने प्रकाशाच्या कोनाचा नियम पुढे आणला. खोलीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत ओढलेली रेषा जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांहून मोठा कोन करत असेल, तर त्या खोलीला आकाशाचा पुरेसा उजेड मिळत नाही, असा तो नियम होता. भूमितीच्या साध्या हिशेबाने त्याचा अर्थ असा होतो की समोरासमोरच्या भिंतींत जितके अंतर, त्याच्या दुपटीहून अधिक उंची नको. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे १९१० च्या कायद्याने इमारतीची उंची समोरच्या रस्त्याच्या रुंदीत २० फूट मिळवून येणाऱ्या मापाला बांधली गेली. तेथील प्रमाण वेगळे असले तरी उंचीचा धनी भूखंड नसून रस्ता आहे, हे तत्त्व तेच आहे.

हा हिशेब जुन्या वस्तीतील चार मीटर रुंदीच्या बोळाला लावून पाहावा. दोन्ही बाजूंची घरे रस्त्याच्या कडेलाच उभी असतील तर दुपटीच्या नियमाने आठ मीटर उंची येते, म्हणजे तळमजला, वरची माडी आणि वर कठडा किंवा उतरते छप्पर. जुन्या वाड्यांची उंची साधारण एवढीच असते आणि हा योगायोग नाही, कारण पूर्वीच्या गवंड्याने जे डोळ्याने जोखले तेच ट्रस्टच्या अभियंत्यांनी कोनात मांडले. त्याच बोळात खाली वाहनतळ आणि वर चार मजले अशी पंधरा मीटरची इमारत थेट कडेवर उभी राहिली, तर कोन पंचाहत्तर अंशांवर जातो आणि समोरच्या घराच्या ओसरीला भर दुपारीही दिवा लावावा लागतो. तथापि याचा अर्थ मालकाने आठ मीटरवर थांबावे असा होत नाही. रस्त्यालगतची दर्शनी भिंत आठ मीटर ठेवून वरचे मजले मागे सरकवले, तर दोन मीटर मागे गेल्यावर बारा मीटर आणि साडेतीन मीटर मागे गेल्यावर पंधरा मीटर उंची याच नियमात बसते. गावठाणातील भूखंड दर्शनी बाजूला अरुंद आणि मागे लांबवर गेलेले असतात, त्यामुळे मागे सरकायला जागा बहुधा मिळते. अशा पायरीदार बांधणीत मालकाचे नुकसान मर्यादित राहते, बोळाला उजेड मिळतो आणि रस्त्यावरून चालणाऱ्याला जुन्या घरांची सलग रांग तुटल्यासारखी वाटत नाही.

उंचीचा दुसरा परिणाम जमिनीखाली घडतो आणि त्याची चर्चा जवळजवळ होतच नाही. कळमेश्वरची जमीन काळी कसदार आहे. कपाशीला आणि संत्र्याला जी माती मानवते तीच माती पायाला मानवत नाही, कारण ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळून आक्रसते. जुन्या वाड्याच्या जाड भिंती पांढऱ्या मातीच्या किंवा मातीत बसवलेल्या विटांच्या असतात, पाया दगडाचा पण उथळ असतो, सागवानी खांब दगडी उथाळ्यावर नुसते टेकलेले असतात आणि वरची तुळई त्यांना धरून ठेवते. अशी रचना थोडी हालचाल सहन करते, किंबहुना त्या हालचालीसकट ती शंभर-दीडशे पावसाळे काढते, पण एका अटीवर : शेजारच्या घराने तिला दिलेला टेकू कायम राहिला पाहिजे. गावठाणात दोन घरांमधली भिंत पुष्कळदा सामायिक असते. शेजारचे घर पाडून खोल पायासाठी खड्डा खणला गेला की त्या भिंतीची एक बाजू उघडी पडते, खड्ड्याच्या कडेची काळी माती वाळून मागे हटते आणि भिंतीखालचा आधार विस्कळीत होतो. प्रथम चौकटीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर वर चढते, मग दिंडी दरवाजा अडू लागतो, माडीच्या पाटईला उतार येतो आणि कवेलूंची ओळ मध्येच बसते. त्यानंतरच्या पावसात भिंत फुगली की ते घर धोकादायक म्हणून जाहीर होते आणि पाडले जाते. कागदोपत्री कारण म्हणून वाड्याचे वय लिहिले जाते, प्रत्यक्षात ते शेजारच्या खड्ड्याचे काम असते. इमारत जितकी उंच तितका पाया खोल, या सरळ संबंधामुळे उंचीची मर्यादा ही शेजारच्या वास्तूच्या आयुष्याचीही मर्यादा ठरते. म्हणून ठराविक उंचीच्या वर जाणाऱ्या प्रत्येक प्रस्तावात सामायिक भिंतीची पूर्वपाहणी, छायाचित्रांसह नोंद आणि खोदकाम चालू असताना तात्पुरत्या आधाराची सक्ती असली पाहिजे.

पाणीपुरवठा आणि आग यांविषयी थोडक्यात एवढेच की उंच टाकीतून येणारे पाणी वरच्या मजल्यांवर आपोआप चढत नाही, त्यामुळे नळाला थेट मोटर लावण्याची प्रवृत्ती वाढून शेजाऱ्यांचा नळ कोरडा पडतो. आणि ज्या बोळात अग्निशमनाची गाडी वळू शकत नाही तेथे चौथ्या मजल्यावरच्या माणसाला वाचवण्याचा मार्ग उरत नाही.

उंच इमारतींमुळे बोळात सावली पडते आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात सावली हवीच, असा युक्तिवाद कोणी करील. त्यात तथ्य आहे, परंतु वाड्याचा गारवा केवळ सावलीचा नसतो. जाड भिंत दिवसभराचे ऊन सोसते आणि आतल्या चौकातून तापलेली हवा वर निघून जाते, म्हणून ओसरीत झुळूक राहते. तिन्ही बाजूंनी पाच-पाच मजल्यांच्या भिंती उभ्या राहिल्या की तो चौक विहिरीसारखा कोंडतो.

आता वारशाच्या नियमांकडे वळावे. वारसा वास्तूंसाठी स्वतंत्र नियम करण्यात मुंबई आघाडीवर होती. १९९५ मध्ये तेथे असे नियम लागू झाले आणि सहाशेहून अधिक वास्तू व परिसरांची यादी तयार झाली. नागपुरात २००३ मध्ये शासनाच्या अधिसूचनेने दीडशेहून अधिक स्थळे यादीत आली आणि त्यांच्यासाठी वारसा संवर्धन समिती काम करू लागली. या यादीत तीन श्रेणी असतात : पहिल्या श्रेणीत राष्ट्रीय किंवा मोठ्या ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू, ज्यांत अत्यावश्यक दुरुस्तीपलीकडे बदल करता येत नाही, दुसऱ्या श्रेणीत प्रदेशाच्या किंवा गावाच्या इतिहासात स्थान असलेल्या वास्तू, ज्यांचे बाह्य रूप राखून आत मर्यादित बदल करता येतात, आणि तिसऱ्या श्रेणीत एकेकट्या फार मोठ्या नसलेल्या, पण एकत्रितपणे गावाला चेहरा देणाऱ्या वास्तू, जेथे बरीच मोकळीक असते. यांखेरीज 'वारसा परिसर' म्हणून एखादी संपूर्ण गल्ली किंवा चौकही नोंदवता येतो. नागपूरची यादी मात्र नागपूरच्या हद्दीवर संपते. यादी नसेल तर नियमावलीतील वारशाचे प्रकरण त्या गावापुरते कोरेच राहते, कारण संरक्षण कोणाचे करायचे हेच त्यात लिहिलेले नसते. कळमेश्वरसारख्या गावात जे आहे ते बहुतांशी तिसऱ्या श्रेणीचे असेल, आणि नेमकी हीच श्रेणी सर्वांत आधी नाहीशी होते, कारण तिच्यातील एकही घर स्वबळावर कोणाला मोठे वाटत नाही.

दर्शनरेषेची कल्पना परकी नाही. कळसाचे दर्शन झाले की देवाचे दर्शन घडले, ही वारकऱ्यांची श्रद्धा महाराष्ट्रभर आहे, आणि कळमेश्वर तालुक्यातील धापेवाडा, जे चंद्रभागेच्या काठच्या विठ्ठलमंदिरामुळे विदर्भाचे पंढरपूर म्हणून ओळखले जाते, तेथे आषाढीच्या यात्रेला येणाऱ्यांच्या मनात ती आजही आहे. जवळच आदासा येथील गणपतीचे देवस्थान टेकडीवर असून त्याचे माहात्म्य दुरून दिसण्याशी जोडलेले आहे. लंडनमध्ये सेंट पॉलच्या घुमटाची दृश्ये राखण्यासाठी १९३० च्या दशकापासून भोवतालच्या इमारतींच्या उंचीवर बंधन पाळले जाते. कळमेश्वर परिसराला त्यासाठी लंडनकडून काही शिकायचे नाही, येथील लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या ज्याला दर्शन म्हटले ते नकाशावर एका रेषेने आखायचे आहे. धापेवाडा आणि आदासा नगर परिषदेच्या हद्दीत येत नाहीत, तरीही महानगर प्राधिकरणाकडे या रेषांचा आग्रह तालुक्याच्या मुख्य गावाने धरला तर त्याला वजन येईल.

तथापि संरक्षणाचा नियम आंधळा असला तर काय होते, याचा धडा पुण्यातील शनिवारवाड्याच्या परिसरात घ्यावा. केंद्राने राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून जाहीर केलेल्या स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढील २०० मीटर क्षेत्रात परवानगी लागते. २०१० च्या दुरुस्तीने ही तरतूद थेट कायद्यातच आली. हेतू निर्विवाद चांगला होता, पण त्या १०० मीटरच्या आत शेकडो कुटुंबे जुन्या वाड्यांत राहतात, ज्यांना दुरुस्तीची परवानगी मिळू शकली तरी पुनर्बांधणी करता येत नाही. स्मारक शाबूत आहे आणि त्याच्या अंगणातले वाडे, जे स्वतःही वारसाच आहेत, ते जीर्ण होत कोसळण्याची वाट पाहत आहेत. ज्या रहिवाशांनी त्या स्मारकाचा सर्वाधिक अभिमान बाळगायचा, त्यांना ते अडचणीचे वाटू लागावे यापेक्षा संवर्धनाचा मोठा पराभव नाही. कळमेश्वरला सुदैवाने वेगळा मार्ग खुला आहे : गावातील किल्ला, मंदिर, वाडा यांच्यासाठी सरसकट वर्तुळ न आखता प्रत्येक बोळाचा छेद पाहून उंची ठरवण्याचा.

मालकांच्या हरकती वाजवी आहेत आणि त्यांना उत्तर दिल्याशिवाय कोणताही नियम टिकणार नाही. तीन भावांत वाटणी झालेला वाडा, ज्याचा प्रत्येक हिस्सा बारा-पंधरा फूट रुंदीचा उरला आहे, तेथे वर चढण्यावाचून दुसरा उपाय दिसत नाही. आणि ज्याला सागवानाचा सुतार व पांढऱ्या मातीचा गवंडी परवडत नाही किंवा सापडतच नाही, त्याला वाडा राखा असे नुसते सांगणे हा अन्याय आहे. या हरकतीवर नियमावलीचे ठरलेले उत्तर म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, ज्याला सर्वजण टीडीआर म्हणतात : वारशाच्या नियमामुळे जे बांधकाम स्वतःच्या भूखंडावर करता येत नाही त्याचे प्रमाणपत्र मालकाला मिळते आणि ते दुसऱ्या भागातील विकासकाला विकता येते. मुंबईत हे चालते, कारण तेथे प्रत्येक चौरस फुटासाठी गिऱ्हाईक उभे असते. कळमेश्वरच्या वेशीबाहेर अकृषक झालेली मोकळी जमीन उपलब्ध असताना जादा मजल्याचा हक्क विकत घेण्याची गरज कोणाला पडणार? येथे ते प्रमाणपत्र मालकाच्या कपाटात पडून राहील. मोठ्या शहराचा उपाय छोट्या गावाला चिकटवण्याची ही चूक आपल्या नियोजनात वारंवार होते आणि तिची किंमत शेवटी जुने घर देते.

छोट्या गावाच्या नगर परिषदेने म्हणून स्वतःच्या हातातली साधने वापरावीत. यादीतील घराचे बाह्य रूप राखणाऱ्या मालकाला मालमत्ता करात कायद्याच्या चौकटीत शक्य तेवढी सवलत द्यावी. दुरुस्तीच्या परवानगीचे शुल्क आकारू नये. बाजाराकडील घरांच्या तळमजल्यावर दुकान किंवा खानावळ काढू द्यावी, म्हणजे ओट्यासकट घर कमावते होईल. चार चाकी कधी शिरणारच नाही अशा बोळात वाहनतळाची सक्ती करू नये, कारण वाहनतळाचा मोकळा मजला हाच पुष्कळदा अनावश्यक उंचीचे मूळ असतो. आणि नव्या वस्त्यांतून जमा होणाऱ्या विकास शुल्काचा ठराविक हिस्सा जुन्या वस्तीतील छपरे, गटारे आणि सामायिक भिंती यांच्या दुरुस्तीसाठी वेगळ्या खात्यात ठेवावा. जो गावाच्या कडेला वाढतो त्याने गावाच्या मध्याला थोडे द्यावे, ही मागणी न्यायाला धरून आहे. वाटणीमुळे अरुंद झालेल्या हिस्सेदारांनी एकत्र येऊन एकच पायरीदार इमारत बांधली तर त्यांना मागील बाजूस अधिक उंचीची मुभा देणेही योग्य होईल.

यासाठी नवा कायदा लागत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २२ मध्ये विकास आराखड्याने ऐतिहासिक व वास्तुशास्त्रीय महत्त्वाच्या जागांच्या जतनाची तरतूद करावी असे म्हटलेलेच आहे. आणि कलम ३७ अन्वये नियोजन प्राधिकरणाला मंजूर आराखड्यात फेरबदल सुचवता येतो, त्यासाठी राजपत्रात सूचना प्रसिद्ध करून एका महिन्याच्या आत लोकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात, बाधितांना सुनावणी द्यावी लागते आणि मग प्रस्ताव शासनाकडे मंजुरीला जातो. ही वाट लांबची असली तरी तिची पहिली पायरी गावातच आहे. नगर परिषदेने सर्वसाधारण सभेत ठराव करून जुन्या वस्तीची घरटी पाहणी हाती घ्यावी. नागपूरच्या वास्तुशास्त्र महाविद्यालयांतील विद्यार्थी आणि अध्यापक अशा कामाला सोबत घेता येतील. प्रत्येक बोळाची रुंदी, प्रत्येक घराची उंची, सामायिक भिंती, लाकडी दर्शनी भाग आणि घरमालकाचे म्हणणे यांची नोंद मराठीत करून ती परिषदेच्या कार्यालयात सर्वांना पाहायला ठेवावी, आणि यादीचा मसुदा तिच्यावरून तयार करावा. मालकाला विचारल्याशिवाय त्याचे घर यादीत गेले तर पुढचा सारा मार्ग खटल्यांचा होईल.

ही प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत परवानग्या थांबवणे ना शक्य आहे ना योग्य. परंतु या काळात गावठाणात दहा मीटरच्या वर जाणारा प्रस्ताव आला, तर अर्जासोबत केवळ भूखंडाचा नकाशा न स्वीकारता रस्त्याचा छेद नकाशाही मागावा, ज्यात समोरचे घर, दोन्ही बाजूंची घरे, मधल्या बोळाची रुंदी आणि प्रस्तावित इमारत एकाच प्रमाणात काढलेली असतील व समोरच्या ओसरीपासून नव्या माथ्यापर्यंतच्या रेषेचा कोन आकड्यात लिहिलेला असेल. कोणत्याही वास्तुविशारदाला हा नकाशा सहज काढता येतो. तो फायलीत लावण्यापूर्वी समोरच्या आणि शेजारच्या घरमालकांना दाखवून त्यांची लेखी पोच घेण्याची सूचना परिषदेने येत्या सभेतच मुख्याधिकाऱ्यांना द्यावी, ही विनंती.

कळावे,

कळमेश्वर परिसराच्या नगररचनेचा एक अभ्यासक